ट्रिगर बघायचाय? मग आधी टीगाचे हे दहा भाग बघा

मी केली ती चूक तुम्ही करू नका, एवढंच सांगायला हे लिहायला घेतलं आणि मग लांबतच गेलं. ताईचा मुलगा फोंड्याहून सुट्टीत आमच्याकडे डिचोलीला येतो, नऊ वर्षांचा आहे, दिवसभर मोबाइल मागतो. म्हटलं मोबाइलवर फालतू काहीतरी बघण्यापेक्षा मामासोबत टीव्हीवर अल्ट्रामॅन ही जपानी मालिका बघ. आणि मी सरळ अल्ट्रामॅन ट्रिगर लावला, कारण काय तर पंचवीसच भाग, सुट्टीत संपेल. पोरगं खूश, मी खूश. मग बरंच पुढे गेल्यावर एका भागात जुना टीगा, म्हणजे आधीच्या मालिकेतला हिरो, स्वतः येतो ना, तो आला, आणि मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो, अंगावर काटा. तर हा पठ्ठ्या माझ्याकडे बघतोय. म्हणतो, "मामा, हा कोण? आणि तू उभा का राहिलास?"

झालं ना वाट्टोळं. ज्या क्षणासाठी अख्खी मालिका रचलीये तोच त्याच्या डोक्यावरून गेला, आणि चूक त्याची नाही, माझी. मी टीगा कॉलेजात असताना बघितलेला, त्याने नावसुद्धा ऐकलेलं नाही. शेवटी आम्ही तिथेच थांबलो, मागे गेलो, टीगाचे निवडक भाग बघितले आणि ट्रिगर परत पहिल्यापासून लावला. दुसऱ्यांदा मजा तिप्पट आली. तर ही पद्धत, आमच्या घरात चाललेली.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या घरात पंचेचाळीस-पन्नाशीचं कोणी असेल तर त्यांना दूरदर्शनवरचा जायंट रोबॉट आठवतो का विचारा, मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबॉटला बोलावणारा मुलगा. अल्ट्रामॅन त्याच काळातला, त्याच जातकुळीतला. पहिला अल्ट्रामॅन जपानमध्ये १९६६ साली आला, एइजी त्सुबुराया यांच्या कंपनीने बनवला, ३९ भाग. माणूस सूट घालून राक्षस होतो, दुसरा माणूस सूट घालून हिरो होतो, आणि दोघं मिळून खेळण्यातलं शहर तुडवतात. ऐकायला फाजील वाटेल. पण आपण गोंयकार, दिवाळीच्या आदल्या रात्री वीस-वीस फुटी नरकासुर नाचवून पहाटे जाळणारी माणसं, आपण तरी याला हसू नये.

पुढे १९८०-८१ मध्ये अल्ट्रामॅन ८० नावाची मालिका झाली आणि मग जपानच्या टीव्हीवर पंधरा वर्षं गॅप. नवा हिरो आला तो थेट ७ सप्टेंबर १९९६ ला, हाच अल्ट्रामॅन टीगा, ५२ भाग, ऑगस्ट १९९७ ला संपला. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. टीगा हासुद्धा जुन्याची नवी मांडणीच होता. १९६६ वाला अल्ट्रामॅन एम ७८ नेब्युलातून येतो, परग्रहवासी आहे. टीगाने ते सगळं बाजूला ठेवलं. इथला राक्षसी हिरो आकाशातून येत नाही, तो पृथ्वीवरच आहे, तीन कोटी वर्षांपूर्वीच्या संस्कृतीचा, दगडाचा पुतळा होऊन पिरॅमिडमध्ये पडलेला. आणि अंगाचा रंग बदलून ताकद बदलणं, म्हणजे मल्टी, पॉवर, स्काय असे तीन टाइप, हे टीगाने सुरू केलं. मलय भाषेत तिगा म्हणजे तीन. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणालं ना की ट्रिगर म्हणजे टीगाची कॉपी, तर त्याला विचारा की टीगा काय आकाशातून पडला होता का. नाहीच पडला, तोच तर मुद्दा आहे.

ट्रिगर आला १० जुलै २०२१ ला, टीगाला पंचवीस वर्षं होत होती म्हणून. पूर्ण नाव अल्ट्रामॅन ट्रिगर न्यू जनरेशन टीगा, म्हणजे नावातच कबुली. २५ भाग, जानेवारी २०२२ ला संपला. मुख्य दिग्दर्शक कोइची साकामोतो, हा माणूस अमेरिकेत पॉवर रेंजर्सवर काम करून आलेला, त्यामुळे ट्रिगरमध्ये मारामाऱ्या बघा कशा कोलांट्याउड्या मारत चालतात, लगेच कळतं. जपानमध्ये शनिवारी सकाळी ९ ला लागायचा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, पोदेर पाव घेऊन यायच्याही आधी. आता अल्ट्रामॅनच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर इंग्रजी सबटायटलसकट अल्ट्रामॅनचे भाग येतात, पण तिथे एक गंमत आहे, बरेच भाग ठरावीक दिवस ठेवून काढून टाकतात. म्हणून आधी तुमच्याकडे काय दिसतंय ते बघून घ्या आणि मगच पोराला प्रॉमिस करा. नाहीतर अर्ध्यावर भाग गायब झाला की रडारड, मी बघितलीये.

आता वेळेचा हिशेब. टीगा पूर्ण म्हणजे ५२ भाग, एक साधारण २४ मिनिटांचा, एकवीस तास होतात. नऊ वर्षांच्या पोराला १९९६ ची मालिका एकवीस तास दाखवणं जमणार नाही, जमलं तर तुम्हाला नमस्कार. मी दहा भाग काढले, चार तास. ट्रिगर पूर्ण बघायचा, ते दहा तास. रोज संध्याकाळी दोन भाग धरले तर अठरा दिवसांत सगळं आटपतं. आमच्याकडे चवथीची सुट्टी तेवढी मोठी नसते म्हणून मे महिना बरा. पावसाळ्यात बघायला जास्त मजा येते हे खरं, पण लाइटचा भरवसा नाही आणि ती नेमकी राक्षस समुद्रातून वर येताना जाते.

टीगाचे भाग असे घ्या. पहिले तीन सलग. पहिल्यात सगळी मांडणी आहे, पिरॅमिड, तीन पुतळे, गोल्झा आणि मेल्बा हे दोन राक्षस येऊन दोन पुतळे फोडतात, तिसरा वाचतो आणि त्यात दाइगो नावाचा तरुण प्रकाश होऊन शिरतो. पहिल्याच लढाईत टाइप बदलतो तो क्षण पोरांना दाखवाच, दोन हात कपाळासमोर आडवे धरतो, कपाळावरचा मणी चमकतो, अंगाचा रंग पालटतो. आमचा भाचा त्यानंतर दोन दिवस जेवताना तेच करत होता, ताटाशी. दुसऱ्यात दगड करून टाकणारा राक्षस आहे, तिसऱ्यात किरिएलॉइड, हा मला फार आवडतो कारण तो म्हणतो की माणसांचा तारणहार मी, तुझ्या आधीपासून मीच इथे होतो, टीगा कोण आला मधेच. असा खलनायक आपल्या गावच्या कमिटीतही सापडतो. हा किरिएलॉइड ट्रिगरमध्येही परत येतो, तेव्हा पोराला ओळखीचा चेहरा भेटतो आणि तो असा ओरडतो की शेजारचे विचारायला येतात.

मग सरळ उडी मारून ४३ आणि ४४, ही एकच गोष्ट दोन भागांत. ४४ व्या भागाचं जपानी नाव आहे सावलीचा वारसा घेणारा, आणि त्यात एक हुशार माणूस टीगाची ताकद स्वतःसाठी पळवतो, इव्हिल टीगा होतो आणि ती त्याला झेपत नाही. हा भाग का बघायचा ते ट्रिगरमधला इग्निस आला की आपोआप कळेल. मग ४५, गिजेरा नावाच्या राक्षसी फुलाचा भाग, ज्याच्या परागांनी माणसं सुखात गुंगून जातात आणि लढायचंच सोडून देतात, जुनी संस्कृती अशीच बुडाली असं सांगतात. लहान मुलांसाठी हा थोडा जड आहे, पण ठेवा. फुलाचं काम पुढे आहे.

४९ वा भाग खास मोठ्यांसाठी. एक परग्रही काळात मागे जातो, त्याच्यामागे दाइगो जातो, थेट साठच्या दशकात, आणि तिथे खुद्द त्सुबुराया भेटतात, पहिला अल्ट्रामॅन अजून बनायचाय असे दिवस. त्सुबुराया १९७० साली वारले, म्हणजे हा भाग निघाला तेव्हा त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झालेली. पोरगं या भागात कंटाळतं, जाऊ द्या, त्याला तेवढ्यात आंबा कापून द्या आणि तुम्ही बघा. आणि रेना आहे ना, दाइगोच्या टीममधली पायलट, ते काम केलंय ताकामी योशिमोतोने, ती सुसुमु कुरोबेंची मुलगी, आणि कुरोबे म्हणजे १९६६ च्या मालिकेत ज्याचा अल्ट्रामॅन होतो तो हयाता. बापाने लावलेलं झाड आणि लेक त्याच झाडाखाली. आपल्याकडे दशावतारी घराण्यात असतं तसं.

शेवटचे तीन, ५०, ५१, ५२, एका बैठकीत. तोडू नका. ५१ च्या शेवटी टीगा हरतो आणि परत दगड होतो, समुद्रातून गतानोझोआ वर आलेला, जगभर अंधार. तिथे थांबून "उद्या बघू" म्हटलंत तर पोराला रात्री झोप लागणार नाही, आम्हाला रात्री साडेअकराला उठून ५२ लावावा लागला. त्यात काय होतं ते इथे सांगत नाही, फक्त एवढंच की वाचवायला कोण येतं ते बघताना शेजारी लहान मूल बसलेलं असलं पाहिजे.

सबटायटलचं सांगायचं राहिलं. नऊ वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचता येतं पण त्या वेगाने येत नाही, आणि वाचत बसला तर चित्र बघत नाही. म्हणून पहिले दोन-तीन भाग मी मोठ्याने मराठीत सांगत गेलो. शब्दाला शब्द लावायच्या फंदात पडू नका, हरिदास कथा सांगतो तसं सांगा, "कॅप्टन बाई म्हणतात मागे फिरा, हा ऐकत नाही", बस. चौथ्या भागापासून त्याने स्वतःच सांगितलं, "मामा तू गप्प बस, मला कळतंय." राक्षसांच्या गोष्टीत कळण्यासारखं निम्मं डोळ्यांनीच कळतं.

आता ट्रिगर. लावायच्या आधी एक कागद घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दोन ओळी. टीगाच्या पहिल्या भागाचं जपानी नाव हिकारी ओ त्सुगु मोनो, म्हणजे प्रकाशाचा वारसा घेणारा. ट्रिगरच्या पहिल्या भागाचं नाव हिकारी ओ त्सुनागु मोनो, प्रकाश जोडणारा. एक अक्षर मधे घुसलंय, त्सुगु चं त्सुनागु. आणि शेवटच्या भागांची नावं बघा, टीगाचा ५२ वा चमकणाऱ्यांसाठी, ट्रिगरचा २५ वा हसण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. मला विचाराल तर ट्रिगर कसा बघायचा याचं उत्तर या चार नावांत आहे. काय परत आलं याची यादी करत बसलात तर दोन भागांत कंटाळाल, काय हलवून ठेवलंय ते शोधा.

उदाहरण देतो, जवळून बघा. टीगाच्या शेवटी गतानोझोआ जिथून उठतो त्या बुडालेल्या अवशेषांचं नाव र'ल्येह, जपानी उच्चारात रुरुइए, अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टच्या भयकथांमधून उचललेलं. भीतीचं नाव ते. आता ट्रिगरचा पहिला भाग. मंगळावर केंगो मानाका नावाचा पोरगा झाडंपेडं वाढवतो, वनस्पतींचा अभ्यास करणारा, आणि एका कुंडीत त्याने अजून न उमललेलं एक फूल जिवापाड जपलंय, त्या फुलाचं नाव काय ठेवलंय? रुरुइए. ज्या नावाने पंचवीस वर्षांपूर्वी जग अंधारात बुडालं ते नाव आता कुंडीत, पाणी घालून वाढवायला. आणि गिजेराच्या फुलानेच माणसं नासलेली आठवतात ना? म्हणून म्हटलं ४५ वा भाग ठेवा. माझ्या लक्षात हे दुसऱ्या वेळेला आलं, पहिल्यांदा नुसतं गोंडस झाड वाटलेलं.

त्याच भागात राक्षस कोणता येतो बघा, गोल्बा. गोल्झा अधिक मेल्बा, दोघांचा मिळून एक. भाच्याने पाच सेकंदात पकडलं, "मामा हे ते दोघं आहेत, चिकटवलेत!" जोडलेत म्हण रे.

सगळ्यात मोठी अदलाबदल मात्र पात्रात आहे आणि इथून पुढचा परिच्छेद ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी वगळावा. टीगामध्ये दाइगो हा माणूस आहे जो प्रकाश होतो, आणि शेवटी परत साधा माणूस म्हणून उरतो. ट्रिगरमध्ये उलटं. केंगो मुळात ट्रिगरचा प्रकाशच आहे जो माणूस म्हणून जन्माला आलाय, आणि त्याला ते माहीत नाही. म्हणजे दाइगोला विचारावं लागतं की मी इतका मोठा होऊ शकतो का, केंगोला विचारावं लागतं की मी माणूस आहे तरी का. ११ आणि १२ व्या भागात तो तीन कोटी वर्षं मागे जातो, तिथे त्याला त्या जुन्या संस्कृतीतली युझारे नावाची बाई भेटते आणि ट्रिगर तेव्हा कुणाच्या बाजूने होता ते कळतं. हे दोन भाग एकत्र बघा, ही मालिकेची कंबर आहे. त्याच्या आधी मालिका जरा रेंगाळते हे मान्य.

रेंगाळते म्हणजे, तक्रारी सांगूनच टाकतो. केंगो उठसूट "स्माइल स्माइल" म्हणतो, सहाव्या भागापर्यंत मला ते ऐकून दात दुखायला लागले. टीगाची टीम गट्स, तिथे माणसं थकलेली, भांडणारी, खरी वाटतात. ट्रिगरची टीम गट्स सिलेक्ट चकचकीत आहे, पण पंचवीस भागांत सगळ्यांच्या वाट्याला दोन-दोन प्रसंग, त्यातच सातव्या-आठव्या भागात आदल्या वर्षीचा अल्ट्रामॅन झेट पाहुणा म्हणून येतो, पोरांना मजा येते पण गोष्ट तिथेच उभी राहते. आणि तीन काळे राक्षस, कार्मिएरा, डार्गॉन, हुद्राम, हे टीगाच्या २००० सालच्या चित्रपटातल्या तिघांवरून घेतलेत, पण डार्गॉनला मधेच प्रेमात पाडून विनोदी करून टाकलंय. भाच्याला तोच सगळ्यात आवडला, हेही सांगतो.

आणि खेळणी. टीगाच्या हातात शस्त्र नाही, हातातून किरण सोडतो आणि बस. ट्रिगरच्या हातात सर्कल आर्म्स नावाचं हत्यार, मल्टीमध्ये तलवार, पॉवरमध्ये पंजा, स्कायमध्ये धनुष्य. टीगाचा स्पार्क्लेन्स, म्हणजे रूप बदलायचं यंत्र, ही हातात उंच धरायची दिवटी, ट्रिगरचा स्पार्क्लेन्स बंदूक, त्यात चावी घालायची, दर टाइपची चावी वेगळी. का, ते सांगायला नको, चावी वेगळी म्हणजे विकायला एक वस्तू जास्त. पहिल्याच दिवशी पोराशी बोलून घ्या की इंपोर्टेड खेळणं आणायचं नाही. मी नाही बोललो. मग जत्रेत एका स्टॉलवर खाजं घेता घेता त्याला एक अल्ट्रामॅन दिसला, डबा नाही, नाव चुकीचं छापलेलं, घासाघीस करून घेतला, घरी येईपर्यंत एका डोळ्याचा रंग उडाला आणि दुसऱ्या दिवशी हात निखळला. त्यापेक्षा पुठ्ठा, जुनी टॉर्च आणि सेलोटेप, आमचा स्पार्क्लेन्स अजून चालतोय.

ज्यासाठी मी खरं हे सगळं बघतो ते आता. पोराला गोष्टीइतकंच हे कसं बनवतात ते दाखवा, नाहीतर तो म्हणतो "खोटं आहे" आणि उठून जातो. टीगाची उंची ५३ मीटर. सूट घातलेला माणूस धरा पावणेदोन-एक मीटर. म्हणजे सगळं जग त्याच्याभोवती तिसाव्या हिश्श्याएवढं हवं, दहा मीटरची तीन मजली इमारत फूटभर, मारुती व्हॅन वीतभरही नाही. पण नुसतं लहान करून भागत नाही. वस्तू किती वेळात खाली पडते ते उंचीच्या वर्गमुळावर चालतं, तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास, म्हणून तिसाव्या हिश्श्याची इमारत खरी वाटायला हवी तर ती साडेपाचपट हळू कोसळली पाहिजे. म्हणून असे शॉट कॅमेरा जास्त वेगाने चालवून घेतात, सेकंदाला चोवीसच्या जागी शंभराच्या वर फ्रेम, आणि मग नेहमीच्या वेगाने दाखवतात. पाय पडला की धूळ आळसावल्यासारखी उठते ना, ते वजन तिथून येतं. आणि कॅमेरा कुठे असतो बघा, जमिनीवर, खिडकीआड, विजेच्या तारांमागे, म्हणजे तिसाव्या हिश्श्याच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. ज्या शॉटमध्ये कॅमेरा वर जातो तिथे लगेच कळतं की माणूस सूट घालून टेबलावर उभा आहे.

पाण्यात मात्र सगळ्यांची फजिती होते. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. खेळण्यातल्या समुद्रात थेंब तेवढाच मोठा, म्हणून राक्षस समुद्रातून उठला की बादलीतून उठल्यासारखा वाटतो. आपण समुद्राकाठची माणसं, खरी लाट कशी फुटते ते डोळ्यात बसलेलं असतं, त्यामुळे आपल्याला हे इतरांपेक्षा आधी खुपतं. गतानोझोआचे सीन बघताना म्हणूनच लक्ष द्या की अंधार आणि धूर किती वापरलाय, पाणी कमी दिसावं म्हणून कसली कसरत केलीये. मला ते आवडतं.

ट्रिगर संपल्यावर काय हा प्रश्न येणारच. त्यानंतर २०२२ ला डेकर आला, तोही २५ भाग, त्याच जगात काही वर्षांनी घडणारा, आणि टीगानंतर १९९७ ला जो डायना आला होता त्याला नमस्कार करणारा. केंगो त्यात भेटतो. पण लगेच सुरू करू नका, एक महिना जाऊ द्या, पोट भरलेलं असताना दुसरं ताट नको. मधे हवा असेल तर टीगाचा ३७ वा भाग एकट्याने बघा, रात्री, चेरीच्या फुलांखाली घडणारा, अकिओ जिस्सोजी यांनी दिग्दर्शित केलेला, ज्यांनी १९६६ च्या अल्ट्रामॅनचेही भाग केले होते. पोरांना दाखवू नका, त्यांना त्यात काहीच नाही.

गेल्या दिवाळीला भाचा आमच्याकडेच होता. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकासुर केलेला, लोखंडी सळ्या, गवत, कागद, डोळ्यांत लाल एलईडी, उंची असेल सोळा-सतरा फूट म्हणजे पाचेक मीटर. मध्यरात्री रस्त्यावर ढोल सुरू, सगळे उभ्याने मोबाइल वर धरून व्हिडिओ काढतायत. हा माझा फोन घेऊन पुढे गेला आणि रस्त्यावर पालथा झोपला, नवीन कपड्यांत. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाला, "मामा, पन्नास मीटरचा करायचा तर दहापट, दहाचं वर्गमूळ किती?" मी म्हटलं तीनला थोडं वर. त्याने स्लो मोशन लावलं, १२० फ्रेमवालं, चौपट हळू, आणि नरकासुराच्या पायाशी फोन टेकवला. पोरांनी नरकासुर हलवला, कागदाच्या झिरमिळ्या डुलल्या, मागून कोणीतरी शोभेचं अनार लावलं.

पहाटे अंघोळ, कारीट फोडणं, गोडाचे-ताकातले फोव सगळं आटपल्यावर आम्ही तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. ताई बघत होती, म्हणाली, "अगो बाई, हा कुठला एवढा मोठा?" भाचा फोव चावत चावत म्हणाला, "तोच गं, आपल्याच दारातला. कॅमेरा खाली होता."